चिमणीच्या नाकातून आजोबांच्या छातीत

मी एक जुना जंतू आहे. जुनं म्हणजे घराणं. माझं स्वतःचं वय विचारू नका, सकाळी एक असलेला मी दुपारपर्यंत कितीतरी झालेला असतो. नाव न्यूमोकोकस, न्यूमोनिया करणारा. मित्रांनो, दचकू नका. तुमच्यातल्या पुष्कळांच्या नाकामागे मी गुपचूप राहून गेलो आहे. तुम्हाला साधी शिंकही आली नसेल.

पाळणाघरातल्या, चारचौघांनी चावलेल्या एका रबरी हत्तीवरून मी चिमणी नावाच्या दीड वर्षाच्या पोरीच्या नाकात आलो. माझ्या अंगावर साखरेचा जाड अंगरखा असतो. त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांच्या हातून मी निसटतो. लस त्यांना नेमका तो अंगरखा ओळखायला शिकवते. पण चिमणीची शिकवणी अर्धवटच राहिली. पहिल्या डोसनंतर तिला जरा ताप आला आणि तिचा बाप म्हणाला, "एक झाला ना? बास! पोरीला कशाला छळायचं?"

अशी प्रेमळ माणसं मला फार आवडतात.

तिचे आजोबा शिंपी. नातीला तेच भरवायचे. खिमट गरम आहे का, हे आधी स्वतः चाखायचे, मग तोच चमचा तिच्या तोंडात. हनुवटीवर सांडलेलं पुन्हा स्वतःच्या.

"अहो आजोबा, चमचा तरी वेगळा घ्या!" सून ओरडायची.

"अगं, नातीच्या उष्ट्यानं कुणी मेलंय का?"

मी त्या चमच्यावरून आजोबांच्या घशात गेलो आणि सज्जनासारखा बसून राहिलो.

मग घरात फ्लू आला. आजोबांच्या श्वासनळीतले झाडूवाले, म्हणजे घाण बाहेर लोटणारे बारीक केस, आडवे झाले. वाट मोकळी दिसली, मी छातीत उतरलो. आजोबा हुडहुडी भरून थरथरू लागले, सुईत दोरा जाईना. "सर्दी आहे रे नुसती," म्हणाले. ओठ निळे पडल्यावर त्यांना दवाखान्यात आणलं.

एक्स-रे पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात लहान मूल आहे? लशी पूर्ण झाल्यात?"

सून नवऱ्याकडे बघू लागली. नवरा पंख्याकडे.

मित्रांनो, पोरांच्या लशी पुऱ्या करा, म्हाताऱ्यांसाठीही डॉक्टरांना विचारा. मी हे बिनघोर सांगतो, कारण तुम्ही मान डोलवाल, आपापल्या कामाला लागाल आणि लस राहूनच जाईल.

मला इथून आजोबांचा श्वास ऐकू येतो. तो आखूड होत चालला आहे.