तिजोरीतले देव

सकाळचा चहा पिता पिता अनंतराव महामुनी स्वतःच्याच बैठकीच्या फरशीत घोट्यापर्यंत रुतले. फरशी फुटली नाही, तडाही गेला नाही. मालतीबाई त्याच फरशीवरून कपबशा घेऊन गेल्या, त्यांना काहीच झालं नाही. नवऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

सारा जन्म सराफीत गेलेला माणूस, सख्ख्या सावलीवरही भरवसा नाही. चांदी कडाडली तसे त्यांनी देवघरातले टाक, खंडोबा आणि भवानी, उचलून तिजोरीत टाकले होते. बाई बिचाऱ्या रिकाम्या पाटावर फुलं वाहत.

“अहो, देव जागेवर ठेवा. घराला आधार उरला नाही.”

“आधार तिजोरीत आहे. देवही तिथंच आहेत. कुलूप माझं आहे.”

दुपारी फरशी मांडीला लागली. तिजोरी हाताशीच होती. बायकोला तोंड फिरवायला सांगून त्यांनी ती उघडली आणि सोन्याच्या विटा पायांखाली सरकवल्या. विटा त्यांच्याआधी खाली गेल्या. तळाला टेकल्याचा आवाज काही आला नाही. मग टाक हाताला लागले. पत्रा पातळ, तो काय टिकणार, म्हणून त्यांनी देव मागे सारले आणि पुन्हा कुलूप घालून किल्ली मुठीत आवळली.

मालतीबाईंचा भाऊ शरद दोर घेऊन धावत आला.

“इतक्या लवकर कसा आलास?” छातीपर्यंत रुतलेल्या अनंतरावांनी विचारलं.

“ताईचा फोन आला, भावजी. दोर धरा.”

“घरात दोर तयारच होता म्हणायचा.”

शरदने दोर त्यांच्यापुढे टाकला. मालतीबाई फरशीवर पालथ्या पडल्या आणि त्यांनी हात पुढे केला. “किल्ली सोडा. हात द्या.”

आधी किल्ली, मग हात. अनंतरावांनी हे बरोबर हेरलं. फरशी हनुवटीला गार लागत होती. त्यांना भयंकर भीती वाटत होती, आणि बायकोचा हात धरावा असं फार वाटत होतं.

“मालती,” ते म्हणाले, “आधी दोघं तिकडे तोंड करा.”

दोघांनी केलं. वळून पाहिलं तर फरशीवर नुसती मूठ होती. मालतीबाई गुडघ्यांवर बसून तिची बोटं उलगडू लागल्या. एक उघडलं की दुसरं मिटत होतं.