वाराबाहेरचं पाणी

बाबा गेले त्या दिवशी आमच्या गल्लीचा वार नव्हता, तरी नळाला पाणी आलं. त्या पाण्याची पुढे नगरपालिकेत चौकशी लागली आणि माझी साक्ष हवी म्हणून मला बोलावणं आलं.

आमच्या गावात पाणी वाराने येतं. टाकी एकच. प्रत्येक भागाचा वार ठरलेला. ज्याचा वार त्याच्या घरात उजाडायच्या आत भांड्यांचा आवाज, बाकीच्यांनी साठवलेलं पुरवून पुरवून वापरायचं. बाबा पालिकेच्या पाणी विभागात पर्यवेक्षक होते. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना रस्त्यात थांबवून आपल्या नळाच्या धारेबद्दल बोलायचे, डॉक्टरला लग्नात गाठून जीभ दाखवतात तसं. त्यांच्या हाताखाली चावीकाका होते. रस्त्यातल्या लोखंडी झाकणांखाली व्हॉल्व्ह असतात, ते छातीएवढ्या उंच चावीने उघडायचे आणि बंद करायचे, हे काकांचं काम. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. गावाला ते चावीकाका म्हणूनच माहीत.

पालिकेत एक पद्धत होती, कुठेही न लिहिलेली. ज्या घरात कुणी वारलं त्या घरातून चावीकाकांना फोन करायचा आणि काकांनी त्या गल्लीला वाराबाहेर पाणी सोडायचं. माणसं येऊन बसलेली, अंघोळी, कपडे, चहाची भांडी. वार बघून कुणी मरत नाही, असं बाबा म्हणायचे. ही पद्धत कागदावर आणा, असं एकदा सभेत कुणी सुचवलं. बाबांनी ते मोडून काढलं. लिहिलं की त्याचा नियम होतो, आणि नियम झाला की दुसऱ्या दिवशी त्याला पळवाट फुटते, हे त्यांचं मत. पळवाट न लिहिताही एकदा फुटली होती. एका दुकानदाराने मामा वारले असं सांगून पाणी घेतलं. बाबा संध्याकाळी समाचाराला गेले, तर दार मामांनीच उघडलं. बाबांनी मामांच्या हातचा चहा घेतला, त्यांच्या तब्येतीची चौकशी केली आणि काही न बोलता घरी आले. त्यानंतर गावात कुणी खोटं मढं उभं केलं नाही.

बाबा सकाळी गेले. आजार लांबलेला होता, तेव्हा अचानक असं त्यात काही नव्हतं. तरी अशा वेळी काय काय करायचं असतं त्यातलं मला काहीच सुचेना. फोन करायचं तर मनातही आलं नाही. आई उशाशी बसून होती. हळूहळू माणसं जमली आणि मग स्वयंपाकघरातला नळ खरखरला. साहेबांसाठी काकांनी सोडलं वाटतं, असं कुणीसं म्हणालं. पाठोपाठ काका स्वतःच आले. चावी फाटकाला टेकवून ठेवली, आत आले आणि बाबांच्या पायांशी बसले, ते बाबांना उचलेपर्यंत उठले नाहीत. बाबांना नेताना पुढच्या बाजूला ते होते. आजारपणातही बाबांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायला रोज संध्याकाळी तेच यायचे. आईला आणि मला ते एकटीदुकटीने झेपत नसे.

पुरुषमंडळी गेली. घरात आम्ही बायका राहिलो. काही वेळाने गच्चीवरची टाकी भरली आणि वाहू लागली. अंगणात पाण्याची धार पडत होती. शेजारच्या टाक्याही वाहत होत्या, गटार तुडुंब चाललं होतं. अगं, कुणीतरी नळ बंद करा, असं एकीने म्हटलं, दुसरीने म्हटलं. उठलं कुणीच नाही. मी त्या आवाजाकडे कान देऊन बसले होते, कारण तो ऐकताना दुसरा कसला विचार करावा लागत नव्हता.

पुढची गोष्ट काकांनीच आईला येऊन सांगितली. त्याच दिवशी टेकडीवरच्या वस्तीत एक म्हातारी वारली होती. तिच्या सुनेने सकाळीच काकांना फोन केला होता आणि काका तिला 'सोडतो' म्हणाले होते. टेकडीवर पाणी चढवायचं तर खालचे व्हॉल्व्ह बंद लागतात आणि टाकी निदान निम्मी भरलेली लागते. त्या दिवशी टाकी आमच्याच गल्लीत रिकामी झाली. टेकडीवर थेंब गेला नाही. सुनेने तक्रार दिली. मुख्याधिकारी नवे होते, त्यांनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून सोडलंत?

काका आईकडे बघून बोलत होते, मी समोर असून. तुमच्या घरून फोन आला आणि तो टेकडीच्या आधी आला, एवढं ताईंनी सांगितलं की झालं. मग सगळं पद्धतीप्रमाणेच होतं; टाकी आटली त्याला कोण काय करणार. नाहीतर चावी काढून घेतील. दुसरं काम देतील, पगार चालू राहील, पण चावी जाईल.

ते गेल्यावर आईने ताटं मांडली आणि म्हणाली, "एवढं बोलायला काय जातं गं तुझं?"

मी म्हटलं, फोन आपण केला नव्हता.

"नव्हता केला. बाबांना उचलायला ये, असा तरी रोज कुठे करत होतो? येतच होता ना तो?"

 बघू, असं मी म्हटलं. आईने त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि खरं सांगायचं तर मीही तसाच घेतला. एका वाक्याने एका माणसाचं काम राहत असेल तर ते वाक्य बोलावं, असं माझं जवळजवळ ठरलं होतं. पुस्तकांमधली माणसं अशा वेळी खूप झगडतात. मी नीट जेवले आणि झोपले.

पालिकेच्या व्हरांड्यात एक लांब बाक आहे. समोर जन्ममृत्यू नोंदणीची खिडकी. बाबांच्या दाखल्यासाठी मी त्याच खिडकीशी उभी राहिले होते, तेव्हा कारकून म्हणाले होते की जास्तीच्या प्रती आत्ताच घेऊन ठेवा, माणूस एकदाच जातो पण सिद्ध सारखं करावं लागतं. आज त्यांनी मला ओळखून मान हलवली. बाकावर माझ्याआधी एक बाई बसली होती. गळ्यात शिवणकामाची टेप तशीच राहिलेली. माझं लक्ष गेलेलं पाहून तिने ती काढून पिशवीत टाकली आणि हसली. म्हणाली, घाईत निघाले, आता साहेबांचंच माप घेऊन येते.

मग ती आपणहून बोलायला लागली. सासूबाई गेल्या होत्या. अंथरुणात बऱ्याच दिवसांच्या, त्यामुळे अंघोळ घातल्याशिवाय नेणं तिच्या मनाला पटेना. पाणी सोडतो म्हणून सांगितलं होतं, म्हणून तिने घरातलं होतं नव्हतं ते आल्यागेल्याला पिण्यासाठी काढून दिलं. नळाखाली घागर लावली. पाणी आलं का, असं एक दीर आत जाऊन विचारायचा, दुसरा बाहेर येऊन. ऊन चढलं. शेवटी शेजारच्या घरांतून कुणी तांब्याभर, कुणी पातेलंभर पाणी दिलं. त्यांचाही वार लांब होता.

"नाही म्हणाला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं," ती म्हणाली. "खालच्या विहिरीवरून बैलगाडीने, टेम्पोने, कसंही आणलं असतं. हो म्हणाला आणि आम्हाला बसवून ठेवलं. मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवलं हो."

 मग तिने विचारलं, तुमचं काय काम आहे? वडील वारले, त्याच दिवशी, एवढंच मी सांगितलं. तिला कळायला वेळ लागला नाही. ती थोडी सरकून बसली, लांब नाही, नीट बघता यावं म्हणून.

"तुम्हाला पुरलं का पाणी?" तिने विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, पुरलं.

आत मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलासमोर आम्ही चौघं होतो. एका बाजूला काका, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. दुसऱ्या बाजूला शिवणकाम करणारी बाई आणि मी. कोपऱ्यात टिपण घेणारा लेखनिक. मुख्याधिकारी वयाने माझ्यापेक्षा लहान. आवाज चढवणारे नव्हते. आधी त्यांनी बाबांबद्दल दोन शब्द बोलून घेतले, ते मनापासून बोलले. मग विचारलं, आपल्या घरून यांना फोन गेला होता का?

काका माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावरच्या काचेकडे बघत होते.

मी म्हटलं, नाही.

"मग यांनी आपणहून सोडलं?"

हो, असं म्हणून मला थांबता आलं असतं. पण मला वाटलं, नुसतं हो म्हटलं तर काकांनी साहेबाच्या घरासाठी गरिबाचं पाणी तोडलं असंच दिसेल, आणि तसं ते नव्हतंच. त्यांची बाजू आपण मांडली पाहिजे. म्हणून मी सांगत गेले. ते पाणी सोडून आमच्याकडे आले. थोडा वेळ आमच्या गल्लीला द्यायचं आणि मग टेकडीकडे वळवायचं, असंच त्यांच्या मनात असणार. पण बाबांना बघून ते बसले. मग बाबांना घेऊन गेले, शेवटपर्यंत तिथेच होते. आमच्या टाक्या भरून रस्त्यावर वाहत होत्या. "त्यांनी पक्षपात केला नाही," मी म्हटलं, "ते बंद करायला विसरले."

 काकांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. बाबांना उचलताना कधी चुकून त्यांचा हात दुखऱ्या जागी लागला की बाबा जसं बघायचे, तसं.

"खरं आहे?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

"ताई म्हणतात तर खरंच असेल," काका म्हणाले.

निकाल लगेच झाला. काकांकडून चावी काढून त्यांना बाजार विभागात, भाजीवाल्यांच्या जागेच्या पावत्या फाडायला पाठवायचं. आणि आजपासून वाराबाहेर पाणी बंद, कुणाच्याही घरी काहीही झालेलं असो. हे दुसरं ऐकून ती बाई उभीच राहिली. साहेब, पद्धत बंद करा असं मी कुठे म्हटलं, ती म्हणाली. उद्या माझ्या शेजारणीकडे काही झालं तर ती मला काय म्हणेल? मुख्याधिकारी म्हणाले, तक्रार आपलीच आहे ना. एकाला दिलं की दुसऱ्याचं तुटतं, हे आपणच दाखवून दिलंत. त्यात चूक काढता येत नव्हती. ती पिशवी घेऊन निघाली, आणि व्हरांड्यातून थेट पायऱ्या उतरून गेली.

काका पाणी विभागात जाऊन चावी देऊन आले. मी पायऱ्यांशी थांबले होते. काका, मला तसं म्हणायचं नव्हतं, असं मी बोलायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. रागावलेले दिसत नव्हते. मला काहीतरी समजावून सांगावं, अशा आवाजात बोलले.

"साहेबांसाठी पाणी तोडलं, असं म्हणाला असतात तरी चाललं असतं, ताई. तोडलंच असतं मी. टेकडीला 'नाही' म्हणायला जीभ रेटली नाही, ती माझी चूक. त्याची शिक्षा होऊ दे. पण विसरला?" ते थांबले. "आता गावात कुठेही रस्त्यावर पाणी दिसलं की लोक म्हणणार, चावीवाला विसरत होता. साहेब असतानापासून विसरत असेल."

मी विचारलं, मग विसरला नव्हतात? मला वाटतं, तो प्रश्न मी विचारायला नको होता.

 ते बाजाराकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "साहेबांचा पाय हातात होता. गार पडत चालला होता. मला आठवत होतं सगळं. टेकडीचं, टाकीचं, सगळं. उठावंसं वाटलं नाही." आणि ते निघून गेले.

हे मी आत जाऊन सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मुख्याधिकाऱ्यांचं दार उघडं होतं. लेखनिकाची टिपण्याची वही अजून टेबलावरच होती. पण काकांनी ते मला सांगितलं होतं, कार्यालयाला नाही. आणि ते सांगून त्यांचं भलं झालं असतं की आणखी वाईट, हे मला कळत नव्हतं. साक्ष देतानाही मला वाटलं होतं की कळतंय.

घरी आईने विचारलं, काय झालं? मी सगळं सांगितलं, पायऱ्यांवरचं सोडून. ती मटार सोलत होती, सोलत राहिली. मग म्हणाली, "तुला कुणी विचारलं होतं का इतकं?"

काका नंतरही येत राहिले. आता उचलायचं कुणी नव्हतं, तरी बाजार उठला की येऊन आईपाशी बसायचे, भाजीवाल्यांच्या कुरबुरी सांगायचे. एका भाजीवालीने पावतीवर चहा सांडून तीच पावती दुसऱ्या दिवशी वाळवून दाखवली, असलं काहीतरी. आई हसायची. मी चहा करून द्यायचे, ते कप घ्यायचे. निघताना दारात पायताण घालत म्हणायचे, "येतो, वहिनी." मी तिथेच उभी असायचे.