ओ न दिलेली हाक

पेट्रोनाने दुधाचा कॅन उचलण्यापुरती पाठ फिरवली आणि तेवढ्यात पाच वर्षांची हुलियाना दिसेनाशी झाली. ग्वातेमालातून अमेरिकेतल्या नेब्रास्कात येऊन मायलेकींना जेमतेम चार महिने झाले होते. त्या भल्यामोठ्या दुकानात पेट्रोना आपल्या माम भाषेत हाका मारत सुटली, "हुलियाना! कुठे आहेस गं बाळा? ओ दे!"

"इंग्रजीत बोला," सामानाची गाडी आडवी घालून एक म्हातारा म्हणाला. "आमच्या देशात राहता ना?"

"मुलगी... माझी मुलगी दिसत नाही," तिने मोडक्या इंग्रजीत कसंबसं जुळवलं. "तिला इंग्रजी नाही."

"मग शिकवा की!" म्हणत तो पुढे गेला.

पेट्रोना काउंटरकडे धावली. तिथल्या बाईने माइकवरून मुलीचं नाव पुकारलं, पण पुढचं सगळं इंग्रजीतच. कोणी आलं नाही. काचेच्या दारापलीकडे गाड्या भरधाव जात होत्या. पेट्रोनाने माइक हिसकावून घेतला आणि माममध्ये हंबरडा फोडला, "अगं ये ना! मी मरेन गं!"

तांदळाच्या पोत्यांमागून हुलियाना हळूच बाहेर आली. पेट्रोनाने तिला छातीशी आवळलं, मग दंडाला धरून गदागदा हलवलं. "हाका ऐकू येत नव्हत्या? ओ का नाही दिलीस?"

पोर हुंदके देत कुजबुजली, "तूच म्हणालीस ना, लोकांत आपली भाषा बोलायची नाही?"

सामान तिथेच टाकून, लेकीला कडेवर घेऊन पेट्रोना बाहेर पडली.