खेमसिंग नायकाचा आराम

खेमसिंग नायकानं फेटा उतरवून मांडीवर घेतला, निंबाखालच्या दगडावर नीट बूड टेकलं, दगडापुढं बसलेल्या उकंड्याच्या हातातली चिलीम काढून घेतली आणि एक लांब झुरका मारून जाहीर केलं,

“तुम्ही कोणी माननार नाही. पन राजा आपल्या बागेत जसा लोळला नसंन, तसा मी दोन दिवस लोळलो.”

मानणार कोण? दिग्रसजवळच्या त्या बंजारा तांड्यात नायकाच्या गोष्टी ऐकायला सगळे जमत आणि मानायला एकही नसे. गेल्या पोळ्याला सांगितलेल्या गोष्टीत त्याच्या आज्याचा बैल रात्रीच्या मुक्कामी लावणी म्हणायचा. कार्तिकात खुद्द वाघानं त्याला पुसदचा रस्ता विचारला होता. तेव्हा अमरसिंग, त्याचा चुलतभाऊ, चारचौघांत बोलून बसला की आणखी एक थाप पकडली गेली तर नायकानं दगडावरून उतरायचं, खाली बसायचं आणि दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकायच्या. पंचांनी हसत माना डोलावल्या. खेमसिंग हसला नव्हता. पूर्वी नायक मिटवी ती भांडणं आता दारव्ह्याच्या कोर्टात जात होती, मतं पेटीत पडत होती. नायकीतलं उरलं होतं ते एवढंच, दुपारच्या सावलीतला हा दगड.

प्रवास मात्र झाला होता. रामीबाईचा, म्हणजे नायकाच्या बायकोचा, खोकला दीड महिना हटला नव्हता. डॉक्टरनं बाटली दिली आणि सांगितलं, बाईचे हात जरा जागेवर राहू द्या. तांड्यात ते जमण्यासारखं नव्हतं. तिला रिकामं बसवलं तर ती शेजारणीचं दळण ओढून घ्यायची. म्हणून नायकानं तिला येष्टीत बसवलं आणि सातपुड्याच्या पायथ्याशी किल्ल्याच्या गावी नेलं. त्या किल्ल्यात जुना राजबाग होता आणि त्याच्या बापाचे मिठाच्या गोण्या वाहणारे बैल कधीकाळी त्याच वेशीतून गेले होते. इथवर सगळं खरं.

पुढं नायकाची जीभ सुटली. वेशीवरच्या शिपायानं नाव विचारलं. नाव ऐकताच, दोनशे वर्षं गंजलेला दरवाजा आपणहून उघडला. आत पाट वाहत होते ते गुलाबपाण्याचे. मोर दोन्ही बाजूंना रांगेत उभे, लहान पुढं आणि मोठे मागं.

“मोरायले रांग कोनं शिकवली, भिया?” अमरसिंगानं विचारलं.

“तुह्या मास्तरनं नाही शिकवली, येवढं पक्कं.”

पोरं फिदीफिदी हसली. अमरसिंगानं मग एकेक खुंटी हलवून पाहिली. गुलाबपाण्याचा वास कपड्यांना कसा नाही, तर येष्टीच्या धुरानं खाल्ला. शिपायाचं नाव काय, तर राजाचे शिपाई नाव सांगत नसतात. साक्षीला कोण, तर मोर. कुठंच पकड बसेना. नायकाची छाती फुगत चालली आणि चिलीम विझल्याचंही त्याला भान राहिलं नाही.

“बरं,” अमरसिंग म्हणाला. “मंग दोन दिवस तू केलं काय?”

“काहीच नाही. डाळिंबाच्या सावलीत पडून होतो. बोट हालवलं नाही. पान्याचा पेला माळीच तोंडाशी धरे.”

“खोटं हाय.”

आवाज बायकांच्या बाजूनं आला होता. रामीबाई आपल्या चोळीला, काचळीला, आरसे टाकत बसली होती. चाळीस वर्षं तिनं नवऱ्याच्या गोष्टींना ना हो म्हटलं होतं, ना नाही. अमरसिंगानं मांडीवर थाप मारली. खेमसिंगानं तिच्याकडं एकदा पाहिलं, फेटा गोळा केला आणि दगडावरून उतरू लागला.

“मोर असतीन,” ती सुईतून नजर न काढता म्हणाली. “दरवाजा बी उघडला असंन. पन हा पडून होता, हे खोटं. माळ्याच्या एका बैलाचा खांदा फुटला होता. बाग वाळते म्हून तरी मोटेले जुंपत होते त्याले. तुम्हाले तर ठाऊक हाय, तसा बैल जुंपलेला पाहून आपल्यातला मानूस घास खात नाही. यानं बैल सोडला. अन् त्याच्या जागी सोता जू घेतलं.”

“नायकानं?” अमरसिंगाचा हात मांडीवरच राहिला. “बैलाच्या जागी?”

“म्हूनच तर सांगत नव्हता.”

खेमसिंग अर्धा उठलेला तसाच थांबला. खाली पाहत फेट्याचा पदर उगाच उलगडत राहिला. कोणी हसलं नाही. उकंड्यानं दगडापुढून सरकून त्याला परत वर बसायला वाट करून दिली, तरी तो बसेना.

“दोन दिवस,” रामीबाई म्हणाली. आता तिनं मान वर केली होती आणि ती सगळ्या तांड्याकडं पाहत होती. “दुसऱ्या बैलासंगं मोट ओढली यानं. मी पाटात पाय सोडून बसली होती. लग्नापासून पहिल्यांदा तशी बसली. पाटातलं पानी कमी झालं की मले कळे, हा दम घेऊन राह्यला.”