ढोरांची वाट

पहिला वार उकंडानंच केला, हे त्याची बायको सुखीबाई आजही लपवत नाही. नदीकाठच्या चराईवर ट्रॅक्टरचा नांगर चाललेला दिसला आणि त्यानं हातातली काठी शेजारच्या वावराचे मालक भगवानराव यांच्या खांद्यावर हाणली. परतफेड जागच्या जागी झाली. भगवानराव आणि त्यांचा मुलगा अंकुर, दोघांनी त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. नाक फुटलं, दोन दात ढेकळांत पडले. सुखीबाई वर काठावर साठ ढोरं अडवून उभी होती. ओरडली खूप, पण ऐकतं कोण!

उकंडा गावचा गायकी, म्हणजे गुराखी. तीस वर्षं गावाची ढोरं चारायची आणि चराईतल्या याच वाटेनं दुपारी पाण्याला डोहावर न्यायची, हा त्याचा नेम. जागा ई-क्लासची, म्हणजे गावाच्या चराईची. पण त्या साली नेरच्या बाजारात कापूस मातीमोल झाला, आणि भाव पडला म्हणून पेरा वाढवायचा हे भगवानरावांचं शहाणपण! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"मालक, हे गवत नदीची गादी हाय," उकंडा रक्त थुंकत म्हणाला. "पूर आला का नदी इथंच निजते. गादी काढली तं गावात निजाले येईन थे."

"तुह्या बापाची हाय काय जागा?"

"नाही. तुमच्याबी नाही."

मग त्यानं जे केलं ते गायक्यालाच सुचावं. दरवर्षी गायगोधनाला, दिवाळीच्या पाडव्याला, तो गल्लीत आडवा पडायचा आणि सगळी ढोरं त्याच्यावरून जायची. एक खूर कधी लागला नाही. जे गावाचं आहे ते आपल्याला तुडवत नाही, अशी त्याची खात्रीच होती. त्या दिवशी त्याच्या पाया पडणाऱ्या पोरांत अंकुरही असायचा. उकंडा ट्रॅक्टरपुढे उताणा झाला आणि त्यानं डोळे मिटले.

"घाल वरून!" भगवानराव ओरडले. "उठते बरोबर!"

अंकुरनं ट्रॅक्टर रेटला आणि उकंडापासून दोन हात अंतरावर ब्रेक दाबला. दाबला, हे सुखीबाईनं डोळ्यांनी पाहिलं. पण तो उतार सकाळीच नांगरलेला होता. ज्या गवतानं माती धरून ठेवली होती, ते मुळासकट उलटं पडलं होतं. माती सरकली, तिच्याबरोबर चाकं सरकली आणि मोठं चाक उकंडाच्या छातीवरून गेलं. हाडं मोडल्याचा आवाज काठावर ऐकू आला. ट्रॅक्टर तसाच घसरत डोहाच्या चिखलात रुतून बंद पडला.

सुखीबाईच्या हातातली काठी गळाली. तहानलेली ढोरं सुटली ती थेट उतारावरून उकंडाकडे.

"धावा वो! तुडवतीन त्याले!"

सगळ्यांत पुढं भगवानरावांचीच तांबडी गाय होती. ती उकंडाजवळ थबकली, तिनं त्याला हुंगलं, आणि एकेक पाय उचलून अलगद पलीकडे गेली. मागून सगळी तशीच गेली.

सुखीबाईनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्यात जीव नव्हता. भगवानराव जवळ आले.

"सुखे, आम्ही नाही मारलं वं त्याले. माती सरकली."

तिला त्यांचा इतका संताप आला होता की रडूही येईना.

"माती तुम्हीच सैल केली, मालक," ती म्हणाली. "अन् पाहा, तुमच्या गाईलेबी समजलं, पाय कुठं ठेवाचा थे."