एका कोयत्याची गोळी

वत्सलाबाई वाचल्या. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, कारण सध्या त्या उसाच्या फडात फिट येऊन पडल्यात आणि त्यांचा नवरा रामहरी माझ्या मेडिकलच्या काउंटरवर धापा टाकतोय.

मी सहकारी कारखान्याच्या मेडिकलचा फार्मासिस्ट. दुष्काळानं त्यांचं अख्खं गाव ऊसतोडीला आलेलं.

"फिटच्या गोळ्या चुकवल्या का?"

"न्हाई साहेब, रोज घेतो की."

"घेतो? कोण?"

"दोघंबी. अर्धी तिला, अर्धी मला."

"तुम्हाला कशाला?"

"मुकादम म्हणतो, नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी एक, खोपी एक. मग गोळी एकटीनं खायची व्हय?" आणि अभिमानानं म्हणाला, "मला तर लई गुण हाय, एकदाबी फिट न्हाई आली!"

मला हसू आलं नाही. अँब्युलन्सला फोन लावला आणि त्याच्यासोबत फडाकडे पळालो. वाटेत त्यानं विचारलं, "आता दवाखान्यात मीबी झोपायचं का?"

तरी कारखाना प्रशासनास नम्र विनंती की, एका कोयत्यात दोन माणसे धरावीत. निदान गोळी गिळून होईपर्यंत.