एकोणीस तारखेची लाल रजा

मित्रांनो, दार उघडून आत आलात की दारामागे कोण उभं आहे ते तुम्ही बघत नाही. कुणीच बघत नाही. तिथे मी उभा असतो. एक कोपरा फुगलेला, कडेची पट्टी निघालेली, अंगभर पुसट डाग पडलेला पांढरा बोर्ड. बारा वर्षं मी याच खोलीत समोरच्या भिंतीवर होतो आणि इथल्या माणसांचे महिने सांभाळत होतो. आता थकलो. दिवसातून दहा वेळा दाराचा धक्का बसतो, त्याचीही सवय झाली आहे. पण अंगावरचा एक डाग तुम्हाला दाखवायचा राहिला आहे, तेवढं ऐकून घ्या.

माझ्या जन्माची कथा फार मोठी नाही. पत्र्यावर पांढरा लेप दिला, चौकट ठोकली, झालं. मला विकत घेतलं ते लिफ्टची दुरुस्ती करणाऱ्या एका लहानशा कंपनीने. तळमजल्यावरची एक खोली, कोपऱ्यात तेलकट दोरांची वेटोळी, खिडकीजवळ फोन. फोनवर ताई बसायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मोजपट्टी घेऊन माझ्यावर एकतीस चौकोन आखले आणि न पुसणाऱ्या शाईने त्यात तारखा घातल्या. कामं आणि रजा मात्र पुसता येणाऱ्या शाईने लिहायच्या. महिना संपला की सगळं पुसून पुन्हा नवा डाव.

मी येण्यापूर्वी इथे नुसता गोंधळ होता. साहेबांची डायरी साहेबांच्या खिशात. सर्वांत जुने मिस्त्री म्हणजे काका, त्यांच्या चिठ्ठ्या डब्याच्या पिशवीत. आणि विजेचं काम बघणारा लंबू म्हणायचा, "माझं सगळं डोक्यात असतं." त्याचं डोकं इतक्या उंचावर की तिथलं कुणाला दिसायचं नाही. लिफ्टच्या कामाला दोघं लागतात, एक वर मोटरपाशी आणि एक खाली खड्ड्यापाशी. एकदा काका सकाळपासून वर बसून राहिले आणि लंबू गावाच्या दुसऱ्या टोकाला भलत्याच इमारतीच्या खड्ड्यात उतरून त्यांना हाका मारत होता. दोघांच्याही नोंदी आपापल्या जागी बरोबर होत्या. एकमेकांना दिसत नव्हत्या एवढंच.

मी आलो आणि ते थांबलं. काळ्या रंगात कामं लिहायची, रजा मात्र ज्याच्या त्याच्या रंगात. ताईंचा रंग निळा, काकांचा हिरवा, लंबूचा लाल. लहान घरात दोरीवरचे कपडे कुणाचे ते सांगावं लागत नाही, तसं रंग पाहिला की माणूस कळायचा. रजेपुढे नाव लिहायची गरजच पडली नाही. सकाळी हातात चहा घेऊन सगळे माझ्यासमोर उभे राहायचे. काका म्हणायचे, "हा आहे म्हणून मी घरी वेळेवर जेवतो." खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला बरं वाटायचं.

मग हळूहळू माझ्याकडे दुर्लक्ष होऊ लागलं. प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि सकाळचं माझ्यासमोरचं उभं राहणं बंद झालं. काका तर घरून थेट कामावर जायला लागले. डस्टर कुठेतरी पडलं, मग मला बाहीने पुसायचे. पेनांची टोपणं उघडी राहायची. त्यात हिरवं पेन आधी सुकलं. ताईंनी सामानाच्या यादीत ते तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा आणायचं राहिलं. एका पेनावाचून कुणाचं काय अडतंय, असं सगळ्यांना वाटलं असेल. अडलं ते काकांचं.

महिन्याच्या तीन तारखेला काका आले. हिरवं पेन उचललं, झटकलं, माझ्यावर ओढून पाहिलं. काही उमटेना. ताई फोनवर कुणाची तरी तक्रार लिहून घेत होत्या, त्यांनी हातानेच "थांबा" केलं. काका थांबले नाहीत. शेजारचं लाल पेन घेतलं आणि एकोणीस तारखेच्या चौकोनात सावकाश, सुबक अक्षरात लिहिलं, "रजा". आणि गेले. मित्रांनो, "काका" ही दोनच अक्षरं. चौकोनात जागा भरपूर होती.

रजा कशासाठी ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. काकूंच्या पित्ताशयात खडे झाले होते. एकोणीस तारखेला ऑपरेशन होतं. काकू साऱ्या आयुष्यात एकदाही दवाखान्यात राहिल्या नव्हत्या, फार घाबरल्या होत्या. त्यांनी काकांकडे एकच मागणं मागितलं होतं. "मला आत नेतील तेव्हा दारापर्यंत हात सोडू नका." काकांनी शब्द दिला होता. ऑफिसात मात्र ते यातलं अवाक्षर बोलले नाहीत. घरचं घरात, असा त्यांचा स्वभाव.

सोळा दिवस ती लाल रजा माझ्या अंगावर होती. लंबूने ती पाहिली. त्याला वाटलं, मागे एका रविवारी राबवून घेतलं त्याच्या बदल्यात साहेबांनी दिली असेल. आयतं हातात पडलं तर विचारतो कोण? तो गप्प बसला. साहेबांनीही पाहिली आणि लंबूची जागा भरायला दुसऱ्या कंपनीतून एक माणूस मागवून ठेवला. त्या दिवशी एका आठ मजली इमारतीच्या लिफ्टचे दोर बदलायचे होते. साहेबांनी काळ्या पेनाने माझ्यावर लिहिलं, "दोर बदलणे, काका." तेही त्याच चौकोनात, त्या लाल शब्दाच्या खाली. मला सगळं माहीत होतं. पण बोर्डाला तोंड नसतं. त्या वेळी इतका जीव तगमगला, की अजून आठवलं तरी नको वाटतं.

एकोणीस तारखेला सकाळी साडेसातला साहेब माझ्यासमोर उभे राहून फोनवर बोलत होते. फोन मोठ्या आवाजावर होता.

"काका, कुठे आहात? माणूस येऊन बसलाय, लिफ्ट बंद केलीय, लोक जिन्याने चाललेत."

"साहेब, माझी आज रजा आहे. लिहून गेलो होतो."

"अहो, मी बोर्डासमोरच उभा आहे. हिरवं काही नाही इथे. रजा लंबूची आहे, आणि तो फोन उचलत नाही."

"हिला दवाखान्यात आणलंय," काका म्हणाले. "अकराला आत नेणार आहेत."

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी खरोखरच हिशोब केला. "मग असं करा, नुसतं सुरू करून द्या. वरचे दोर तेवढे अडकवा, पुढचं हा बघेल. दहापर्यंत मोकळे व्हाल, माझा शब्द."

काकांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. त्यांनी "बरं, येतो" एवढंच म्हटलं.

दोर बदलण्याचं काम कधी ठरल्या वेळेत झालंय? दहा वाजले तरी काका वरच होते. तिकडे दवाखान्यात कुठल्याशा रोग्याला ताप आला म्हणून त्याचं ऑपरेशन पुढे ढकललं आणि काकूंचा नंबर तासभर आधी लागला. ताईंना लंबूचा फोन आला तेव्हा साडेदहा झाले होते. "ताई, साहेबांचे सात फोन दिसतायत. काय झालं?"

"झालं काय? तू रजेवर आणि काकांना दवाखान्यातून बोलवावं लागलं. रजा मागितलीस ती मागितलीस, फोन तरी उचलायचा."

"मी कुठे मागितली? बोर्डवर होती म्हणून घेतली."

ताई फोन ठेवून माझ्याजवळ आल्या. खालच्या पट्टीवरून त्यांनी हिरवं पेन उचललं आणि आपल्या तळहातावर ओढलं. काहीच उमटलं नाही. पुन्हा ओढलं. मग त्या तिथेच खुर्चीत बसल्या आणि रडल्या.

ताईंनी कळवताच लंबू काकांच्या जागी धावत गेला, साहेब स्वतः गाडी घेऊन गेले, काकांना वरून उतरवलं. ते दवाखान्यात पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते आणि काकू दाराच्या आत होत्या. ऑपरेशन नीट झालं. पण दारापर्यंत हात धरायला कुणी नव्हतं, ते नव्हतंच.

टाके निघाल्यावर काकू एकदा काकांबरोबर ऑफिसात आल्या. बारीक बांध्याच्या, हसऱ्या. माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "हीच का ती रजा?"

"चूक माझी, काकू," साहेब म्हणाले. "मी एकदा विचारायला हवं होतं."

"तुमची एकट्याची कशी? ह्यांना तोंड नव्हतं का?" काकू म्हणाल्या. मग काकांकडे वळून अगदी हसत हसत म्हणाल्या, "तीस वर्षं अख्ख्या गावाला वर-खाली नेलंत. मला एका दारापर्यंत न्यायचं होतं."

काका दोरांच्या वेटोळ्यांकडे बघत राहिले.

त्या महिन्याअखेर ताईंनी मला पुसलं तेव्हा साहेब म्हणाले, "एकोणीसचं राहू द्या." ती लाल रजा तशीच राहिली, महिनोन्महिने. शाई फार दिवस राहिली की लेपात मुरते. पुढे स्पिरिटने घासूनही ती गेली नाही. फुगलेल्या कोपऱ्यापासून चार बोटांवर बघा, अजून दिसेल.

मग सगळ्यांच्या फोनवर एकच सामायिक कॅलेंडर आलं आणि मला भिंतीवरून उतरवलं. राग नाही. तो माझाच धाकटा भाऊ. एकाने लिहिलं की सगळ्यांना दिसतं, पेन सुकत नाही, बाही लागून पुसलं जात नाही. पण काम तेच, आणि खोडही तीच. माणसांनी नीट लिहिलं नाही तर तोही माझ्यासारखा मुकाच. म्हणून मित्रांनो, सगळ्यांच्या पाटीवर लिहाल तेव्हा पूर्ण लिहा, आणि वाचाल तेव्हा शंका आली तर विचारा. जिथे चारजण लिहितात तिथे सगळ्यांना वाटतं की बाकीच्यांना ठाऊक असेल.

फोनवरचं ते कॅलेंडर मांडलं त्या दिवशी मी नुकताच दारामागे येऊन उभा राहिलो होतो. ताई एकेकाला रंग देत होत्या.

"काका, तुम्हाला हिरवाच ना?"

काका आपल्या फोनकडे बघत होते. काकूंची सहा महिन्यांनी करायची तपासणी जवळ आली होती, ती त्यांना त्यात घालायची होती. ते म्हणाले, "रंग कुठलाही दे, ताई. आधी नाव लिही. आणि पुढे लिही, बायकोला दवाखान्यात न्यायचं आहे."